सर्वांत लहान आकडा



ऑफिसच्या मंडळींसाठी मी एकदा गोव्यात काणकोणला चार दिवसांची गोल्फ सहल आखली. तिथलं राजबागचं मैदान 9 होलचं; 18 खेळायचे तर दोन फेऱ्या. एक्सेलमध्ये सगळं चोख बसवलं. तरी एक सहकारी ‘घरी काम आहे’ म्हणून आला नाही. त्याला खर्च झेपत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला हँडिकॅपची सूट मिळते, म्हणून तो पक्क्यासोबत बरोबरीने खेळतो. आपली दारव्ह्याची बॅच आता समुद्र पाहायला निघणार आहे. तर आधी प्रत्येकाने झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहून द्या, नाव न घालता. सर्वांत लहान आकड्यावर बेत आखू. हॉटेल साधं चालेल. बाकावरची एकही जागा रिकामी नको.