परमुलखातील कारागीर आणि कायद्याचे संरक्षण



मोसम नदीच्या तीरावरील मालेगाव हे बाहेरून आलेल्या कारागिरांनी मोठे केलेले शहर आहे. १७४० च्या सुमारास नारोशंकर राजेबहाद्दर यांनी येथे भुईकोट किल्ला उभारला, तेव्हा उत्तरेकडील कारागीर येथे आले. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील विणकर कुटुंबे आपले कसब घेऊन येथे स्थायिक झाली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. कसब हेच ज्याचे भांडवल, अशा स्थलांतरिताचे सुखदुःख या शहराइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

आजही परप्रांतांतील विणकर येथे पोटासाठी येतो, आणि महाराष्ट्रातील वेल्डर, वीजतंत्री वा वाहनचालक आखाती देशांची वाट धरतो. दोघांसाठीही कायदे आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

प्रथम यंत्रमागाकडे पाहू. कारखानाविषयक कायदा कामगारांच्या संख्येवर लागू होतो. एकाच छपराखालील माग निरनिराळ्या नावांवर दाखविले की कागदोपत्री ती संख्या भरत नाही, आणि कामाचे तास, रजा व सुरक्षितता यांविषयीच्या तरतुदी दाराबाहेरच राहतात. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली स्वतंत्र कायदा झाला. परंतु त्याचा भर ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारावर होता. स्वतःहून आलेला विणकर त्यातून निसटला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या नव्या श्रम संहितांनी स्वतःहून आलेल्यालाही स्थलांतरित कामगार मानले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि, संख्येची अट तेथेही आहे. विजेवर चालणाऱ्या जागी २० कामगार असल्याखेरीज तो कारखाना ठरत नाही. म्हणून नोंदवहीबरोबरच प्रत्यक्ष मागही मोजले गेले पाहिजेत.

आता परदेशी जाणाऱ्याचा विचार करू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने भरती करणाऱ्या दलालास नोंदणी आवश्यक केली आणि ठराविक देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारास सरकारी मंजुरीचे कवच दिले. मात्र दहावी उत्तीर्ण झालेल्यास या मंजुरीची गरज नाही. शिकलेला माणूस आपले हित पाहील, ही त्यामागील धारणा. प्रत्यक्षात आयटीआयचे प्रमाणपत्र हाती असलेला तरुणही अनोळखी भाषेतील करारावर सही करतो. परिचारिकांची फसवणूक थांबावी म्हणून २०१५ साली त्यांच्यासाठी ही मंजुरी पुन्हा आवश्यक करण्यात आली. मनात आणले तर संरक्षणाची कक्षा वाढविता येते, याचे हे उदाहरण.

खरी अडचण व्हिसाच्या स्वरूपात आहे. आखातातील 'कफाला' पद्धतीत कामगाराचे वास्तव्य मालकाच्या नावाशी बांधलेले असते. वेतन थकले म्हणून तक्रार करावी, तर नोकरीबरोबर राहण्याचा हक्कही जाण्याची भीती. कतारने २०२० साली मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली. परंतु कायदा बदलला तरी भीती लगेच जात नाही. मालेगावात उचल घेतलेला विणकर आणि परदेशात पासपोर्ट मालकाच्या कपाटात असलेला वेल्डर, दोघेही एकाच कारणाने मुके असतात.

म्हणूनच तक्रारीची वाट पाहणारा कायदा या माणसांच्या उपयोगाचा नाही. तपासणी करणाऱ्याने आपणहून त्यांच्यापर्यंत गेले पाहिजे.

तोवर तरुणांनी काही पथ्ये पाळावीत. दलालाची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पडताळावी. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढीच आहे. अधिक रक्कम देऊ नये, दिलेल्या रकमेची पावती घ्यावी. कराराची एक प्रत घरी ठेवावी. पर्यटक व्हिसावर कामासाठी जाऊ नये.

ज्या शहराला परक्या कारागिरांनी घडविले, त्याने आपल्या दारी आलेल्या विणकराला न्याय दिला, तर परमुलखी गेलेल्या आपल्या मुलासाठी न्याय मागण्याचा त्याचा अधिकार अधिक बळकट होईल.