पंखा मागं लावायचा असेल तर



16 एप्रिल 2025 पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईला प्रवासी विमान जाऊ लागलं आणि आमच्या राजापेठेत चहासोबत विमानाच्या गप्पा रंगू लागल्या. परवा इंजिनिअरिंगच्या एका पोरानं विचारलं, "सर, पंखा मांगं लावला तं काय होते?" प्रश्न जुनाच आहे. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचे दोन्ही प्रोपेलर मागेच होते. अशा विमानाला पुशर म्हणतात. वैमानिकाला समोरचं सगळं मोकळं दिसतं आणि प्रोपेलरचा झोत विमानाच्या अंगावर येत नाही. कागदावर चित्र फार देखणं दिसतं.

अडचण सुरू होते ती वजनापासून. मागे जास्त माल भरलेली बंडी उलाळ होते, तसंच हे. अमेरिकेच्या बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी हे घरी बांधायचं पुशर विमान रिकामं असताना सुमारे 320 किलोचं, आणि त्यातलं शंभराहून जास्त किलो नुसतं इंजिन, तेही शेपटाकडे. म्हणून माणसं पुढे बसवली, मुख्य पंख मागे सरकवले आणि नाकाजवळ एक छोटा पंख दिला. वैमानिक उतरला की तोल मागे जातो, त्यामुळे पुढचं चाक आत ओढून विमान नाकावर टेकवून ठेवतात. उंट बसवल्यागत दिसतं खरं, पण त्यानंच प्रोपेलर वाचतो. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं याच आराखड्यावरून एक संशोधन-विमान बनवलं आणि 1987 साली ते उडवलं. पुढे त्याच प्रयोगशाळेचं 'सारस' हेही पुशरच. त्याचा पहिला नमुना ठरल्यापेक्षा बराच जड झाला होता. मोठ्या संस्थेचं हे, मग घरी बांधणाऱ्यानं वजनकाटा किती जपून वापरायला हवा!

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि वऱ्हाडात मला हीच मोठी वाटते. प्रोपेलर पुढे असला तर जमिनीवर उभं असतानाही त्याचा वारा इंजिनवर येतो. पुशरला ते सुख नाही. मे महिन्यात 45 अंशांत धावपट्टीच्या टोकाशी थांबलात की तेलाचं तापमान चढत राहतं. त्यात तेव्हा अमरावतीची हवा साधारण 1,500 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर गेल्यासारखं. इंजिनची ताकद कमी, प्रोपेलरची पकड कमी, धाव मात्र लांब. हवा आत घेणारी तोंडं कुठं ठेवायची, हे पंखांच्या आकाराआधी ठरवा.

तिसरं अंतराचं. कागदावर मुख्य चाक जमिनीला टेकतं तिथून प्रोपेलरच्या खालच्या टोकाला स्पर्श करणारी रेघ ओढा. उडताना नाक जितकं वर जाणार, त्याहून त्या रेघेचा कोन मोठा हवा. नाहीतर उडायच्या क्षणीच पाती जमिनीला घासतील. चाकानं उडवलेला खडा किंवा झाकणाचा निसटलेला स्क्रूही थेट पात्यांवर जातो.

घरी विमान होतं का, हा प्रश्न आता उरला नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं; 2016 साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 साली त्याची नोंदणी झाली आणि 2020 साली धुळ्याला चाचणी उड्डाण. प्रोपेलर त्यांनी पुढे ठेवला, आणि पहिलंच विमान बांधणाऱ्याला मीही तेच सांगेन.

तरीही पुशरच हवा असेल, तर नवा आराखडा काढू नका, उडून सिद्ध झालेला घ्या. आणि तीन चाकांखाली तीन काटे ठेवून दोनदा तोला: एकदा साठ किलोचा माणूस बसवून, एकदा नव्वदचा. दोन्ही वेळा तोल आराखड्यात दिलेल्या मर्यादेत आला, तरच इंजिन सुरू करा.