मनाच्या वैद्याची उमेदवारी

वारजे येथील एका गृहस्थांनीं मला विचारलें, “मुलगी मानसशास्त्राची एम. ए. झाली, आतां दवाखान्याची पाटी लावावी काय?” मीं म्हटलें, “अजून नाहीं.”

मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यानें चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञास भारतीय पुनर्वास परिषदेनें मानलेली अर्हता हवी. अथवा पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम, आणि त्यांत देखरेखीखालीं रुग्णांबरोबर केलेलें काम. मग परिषदेच्या नोंदवहींत नांव चढतें. नोंदणीवांचून व्यवसाय करणारास १९९२ च्या कायद्यानें एक वर्षापर्यंत कारावास, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही ठरविलीं.

ही देखरेख कशासाठीं? “जगणें नकोसें झालें,” असें रुग्ण बोलूं लागला कीं नवशिका घाबरून उपदेश करूं लागतो, आणि रुग्ण गप्प होतो. ही चूक पुस्तकांत दिसत नाहीं. शेजारीं बसलेल्या अनुभवी गुरूस ती तत्काळ कळते.

एम. फिल.ची प्रथा आतां मागें पडत आहे. म्हणून प्रवेशापूर्वीं त्या अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे ना, तें अवश्य पाहावें. पाटी दोन वर्षें उशिरां लागली तर कोणाचें बिघडत नाहीं.