निवृत्तीची पूर्वमशागत



ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सकाळी वर्तमानपत्रे चाळणाऱ्यांत सेवानिवृत्तांचा भरणा मोठा असतो. त्यांतील काही वाचावयास येतात, काही केवळ वेळ घालवावयास. हा भेद निवृत्तीच्या दिवशी पडत नाही. तो कितीतरी वर्षे आधीच पडलेला असतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या भागात मृगाचा पाऊस पडल्यावर कोणी नांगर शोधीत नाही. तूर-उडदाची पेरणी पावसात होते, मशागत उन्हाळ्यात. शासकीय नोकराला कर्नाटकात ६०व्या, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रात बहुधा ५८व्या वर्षी निवृत्त व्हावयाचे, हे रुजू होतानाच ठाऊक असते. तरीही तो गाफील राहतो.

पैशाची तजवीज हवीच. १ एप्रिल २००६ पासून कर्नाटक शासनाच्या सेवेत येणाऱ्यांसाठी अंशदायी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तेव्हापासून बचतीचा विचार तरुणपणीच करणे अधिक अगत्याचे झाले. पण पैशाने संसार भागतो, दिवस भरत नाही. शिवाय निवृत्ती एकट्याची नसते. घराचा दिनक्रम गृहिणीने बसविलेला असतो आणि तिला निवृत्ती नसते. त्या घरात आपण काय करणार, हे तिच्याशी आधीच बोलावे.

सेतुमाधवराव पगडी याच मातीतले. १९१० साली निलंग्यात त्यांचा जन्म झाला. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादकडील आदिवासींत वावरून ते गोंडी शिकले. फारसी-उर्दूचा व्यासंगही नोकरी सांभाळूनच केला. १९९४ साली निधन पावलेल्या या अधिकाऱ्याची ओळख आज हुद्द्याने नव्हे, इतिहासग्रंथांनी उरली आहे. निवृत्तीनंतरच्या त्यांच्या लेखनाचे बी सेवाकाळातच पेरले गेले होते.

प्रत्येकाला पगडी होणे शक्य नाही, आवश्यकही नाही. परंतु आपल्या सीमाभागात जुन्या घरांतून मोडी आणि उर्दू कागद पडून आहेत आणि ते वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. निवृत्तीला पाच वर्षे उरली असतील, त्यांनी आजपासून आठवड्याची एक संध्याकाळ मोडी, उर्दू किंवा कन्नड वाचण्यास द्यावी. साठाव्या वर्षी नवी लिपी गिरविणे जड जाते. पंचावन्नाव्या वर्षी घातलेला पाया साठाव्या वर्षी उपयोगी पडतो.

ग्रंथालयाने अशा मंडळींना निवृत्तीच्या सत्काराला नव्हे, त्याच्या पाच वर्षे आधी अभ्यासाला बोलवावे, ही माझी विनंती.