मापागणिक बदलणारे गुरुत्वाकर्षण



गुरुत्वाकर्षणाच्या पुंजसिद्धांतावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही. तथापि ज्याची सारी हयात जमीनमोजणीच्या कचेरीत गेली त्याला या विषयाचे बीज अगदीच परके वाटत नाही, कारण ३३ फुटी साखळीने मापलेल्या गावनकाशात ओढ्याचे जे वळण आणि शेताचा जो बांध स्पष्ट दिसतो तो तालुक्याच्या नकाशात लोप पावतो, आणि तरीही दोन्ही नकाशे आपापल्या मापापुरते खरेच असतात. निसर्गनियमांतील स्थिरांकही निरीक्षणाच्या मापाबरोबर पालटतात, आणि तो पालट गणिताने मांडता येतो, या विचाराला केनेथ विल्सन यांनी जे सामर्थ्य दिले त्यासाठी १९८२ साली त्यांचा नोबेल पारितोषिकाने गौरव झाला.

गुरुत्वाकर्षणापाशी मात्र हा हिशेब अडला. द्रव्य मिसळताच गणिताच्या पहिल्याच पायरीवर अनंत राशी उभ्या राहतात, हे १९७४ साली ट होफ्ट आणि व्हेल्टमन यांनी दाखविले. दुसऱ्या पायरीवर निखळ गुरुत्वाकर्षणाचाही निभाव लागत नाही, हे पुढे गोरॉफ आणि साग्नोटी यांनी सिद्ध केले. या अनंतांच्या अडचणीबाबत स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला विचार मला विलक्षण धैर्याचा वाटतो: माप कितीही सूक्ष्म केले तरी सर्व राशी एका स्थिरबिंदूकडेच ओढल्या जात असतील, आणि प्रयोगाने ठरवावयाचे स्थिरांक मोजकेच उरत असतील, तर अनंताचे भय कशाला? वेटेरिख यांच्या १९९३ च्या समीकरणाचा आधार घेऊन मार्टिन रॉयटर यांनी १९९८ साली गुरुत्वाकर्षणाचे प्रवाहसमीकरण, म्हणजे मापाबरोबर स्थिरांक कसे पालटतात ते सांगणारे समीकरण, मांडले. त्यात पदे अगणित असल्यामुळे काही ठेवून बाकीची वगळावी लागतात, आणि अशा अनेक छाटण्यांत तो स्थिरबिंदू पुनःपुन्हा आढळत आला आहे. शापोश्निकोव्ह आणि वेटेरिख यांनी याच वाटेने हिग्ज कणाचे वस्तुमान सुमारे १२६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असावे असे आधीच वर्तविले होते, आणि २०१२ साली सर्नमध्ये कण सापडला तो १२५ च्या आसपास. परंतु त्या भाकितामागे आजच्या प्रयोगांचे माप आणि गुरुत्वाकर्षणाचे पुंजमाप यांच्या मधल्या पट्ट्यात नवे कण नाहीत हे गृहीत होते, म्हणून मी त्याला आशेचे चिन्ह म्हणतो, पुरावा म्हणत नाही.

आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करताना वक्त्यांना एकच विनंती आहे: नकाशाच्या तळाशी मोजणीदार प्रमाण नोंदवितो, त्याप्रमाणे आपणही प्रत्येक निष्कर्षाखाली कोणती पदे ठेवली आणि कोणती वगळली ते आमच्या विद्यार्थ्यांना उघड सांगावे.