विजेची गाडी घेताना

मागच्या वर्षी आमच्या बचत गटानं पेट्रोलची मालवाहू तीनचाकी विकली आणि कर्ज काढून विजेवरची घेतली. पेट्रोलचा खर्च वाचला, हे खरं. पण काही गोष्टी ठेच लागल्यावरच कळल्या.

पहिल्याच आठवड्यात टोमॅटोचे क्रेट भरून बाजाराला निघालो. भरलेल्या गाडीनं चढाला चार्जिंग भराभर उतरलं आणि बाजार सहा किलोमीटरवर असताना गाडी थांबली. पेट्रोल बाटलीतून आणता येतं, वीज कशातून आणणार? दुसऱ्या टेम्पोत क्रेट चढवून पोचेपर्यंत लिलाव संपला होता. त्या महिन्याचा हप्ता बचतीतून भरावा लागला.

म्हणून सांगतो, घेण्याआधी माल भरून, आपल्याच रस्त्यावर गाडी चालवून बघा. कागदावरचे किलोमीटर रिकाम्या, सपाट रस्त्याचे समजा. चार्जिंगसाठी वायरमनकडून 15 अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग करून घ्या. साध्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तापते, आग लागू शकते. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, हे लेखी घ्या. बॅटरी हीच गाडीतली महागडी वस्तू.

आणि रात्रीची वीज गेली तर? आम्ही पाळी लावली आहे. वीज आली की एकजण उठून चार्जिंग सुरू झालं का बघते. झोपमोड होते, पण ती एकटीच्या माथी येत नाही. बाजाराजवळच्या गिरणीतही युनिटचे पैसे देऊन चार्जिंगची सोय केली आहे.

त्यानंतर एकही लिलाव चुकला नाही, हप्ताही थकला नाही. तुमचा गट गाडी घेणार असेल, तर आधी आमच्या गाडीत बसून बाजारापर्यंत चला.