पाल आणि पालु
(मानकोली येथे कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



मी चार इयत्ता शिकलेला माणूस. पंडितांसारखं बोलता येत नाही. रात्रपाळीत जे शिकलो, तेवढंच सांगतो.

आमच्या खात्यात शेजारच्या मागावर एक तेलुगू गडी होता. मध्यरात्री स्टोव्हवर चहाचं दूध ठेवलेलं. एकाएकी तो ओरडला, "पालु! पालु!" मला वाटलं, दुधात पाल पडली! धावलो, पातेलं उचललं आणि सगळं दूध मोरीत ओतलं. गडी लालबुंद झाला. तो बिचारा सांगत होता, दूध उतू चाललंय! तेलुगूत पालु म्हणजे दूध. वर्गणीचं दूध गेलं, चहा गेला आणि आमचं आठ दिवस बोलणं बंद झालं.

शेवटी सोलापूरच्या एका म्हाताऱ्या विणकरानं भांडण मिटवलं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी शेजारी शेजारी नांदतात. त्यानं समजावलं ते ऐका. तमिळातही पाल म्हणजे दूधच. कानडीत त्याच शब्दातल्या 'प'चा 'ह' झाला, म्हणून दुधाला हालु म्हणतात; आणि कानडीत पालु म्हणजे वाटा, हिस्सा. हिंदीत पाल म्हणजे गलबताचं शीड. दूर कशाला, आपल्या मराठीत भिंतीवरची पाल निराळी, जत्रेत ठोकतात ते पाल निराळं, आणि कराड तालुक्यातलं खंडोबाचं पाल गाव तिसरंच!

मग सांगा मंडळी, चुकला कोण? कुणीच नाही. तेलुगू, तमिळ, कानडी या द्राविड कुळातल्या. मराठी, हिंदी आर्य कुळातल्या. पण ओठ नि जीभ सगळ्यांना सारखीच, म्हणून आवाज जुळतो. अर्थ काही आवाजात नसतो. तो बोलणाऱ्या समाजानं ठरवलेला असतो.

दूध सांडलं तर उद्या दुसरं आणता येतं. पण धोक्याची पाटी कळली नाही तर बोट जातं. सहीचा कागद कळला नाही तर नोकरी जाते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडं शिक्षा म्हणजे दंड! नोटिशीत हा एक शब्द आला, तर गड्यानं काय समजायचं?

भाषेचं राज्य मागितलं ते यासाठीच. पोट्टी श्रीरामुलूंनी १९५२ साली उपोषणात प्राण दिले, तेव्हा १ ऑक्टोबर १९५३ला आंध्र राज्य झालं. मुंबईत कामगारांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तेव्हा १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. कष्टकऱ्याला कारभार त्याच्या भाषेत कळावा, हाच त्यातला न्याय. जो न्याय मला, तोच त्या तेलुगू गड्याला! म्हणून आपली मागणी साधी आहे. खात्यातली प्रत्येक पाटी मराठीत पाहिजेच, आणि तिथं राबणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या गड्यालाही ती वाचता आली पाहिजे.

जाता जाता एक सांगतो. इंग्रजीत 'पॅल' म्हणजे दोस्त. तो शब्द इंग्रजांनी रोमानी लोकांकडून घेतला. त्यांचे पूर्वज आपल्याच देशातून गेलेले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ भाऊ!

तेव्हा गड्यांनो, शब्द कानावर पडला की लगेच पातेलं ओतू नका. आधी शेजारच्या मागावरच्या भावाला विचारा, "बाबा, तुझ्याकडं याला काय म्हणतात?"

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!